उन्हाविरुद्ध अर्ज

मानवतच्या मन्मथअप्पांनी उन्हाविरुद्ध दिल्लीला अर्ज केला, हे खरं आहे. त्या अर्जाखाली पाचशे तीन सह्या-अंगठे होते, हेही खरं आहे. ह्या दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध जे घडलं ते अप्पा स्वतः कुणाला सांगत नाहीत. विषय निघाला की त्यांना एकदम तहान लागते आणि ते माठाकडं जातात. तेव्हा त्यांच्या वतीनं आम्हीच सांगतो.

नव्वद सालचा उन्हाळा. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये, पण ते ऊन वेगळंच होतं. तात्यारावांनी छत्री उघडली की त्यांच्या आधी त्यांची सावलीच छत्रीखाली घुसायची. धान्याच्या मोंढ्यातला हमाल लोखंडी वजनकाट्यावर टेकला तर उठताना काटा त्याच्यासोबत उठायचा. हे आम्ही पाहिलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्यानं त्या काट्याला विचारावं.

अप्पांचा टायपिंगचा क्लास मोंढ्याजवळ, पत्र्याखाली. तीन मशिनी, त्यातल्या एकीला वेलांटी नव्हती, ती नंतर पेनानं द्यावी लागायची. एका दुपारी लग्नपत्रिकेची स्टेन्सिल टेबलावर ठेवून अप्पा पाणी प्यायला गेले. परत येईस्तोवर मेण वितळून नवरदेवाचं नाव सासऱ्याच्या नावात मिसळून गेलं होतं. अप्पांनी ती स्टेन्सिल उजेडाला धरून पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "ह्याचा बंदोबस्त कराया पायजे."

कारण अप्पांच्या लेखी जगातल्या प्रत्येक दुःखाला एक अर्ज होता. विहिरीचा, फेरफाराचा, निराधार पेन्शनीचा, वाकड्या खांबाचा. वीस वर्षं अख्ख्या गावाचे अर्ज त्यांनीच टंकले. मजकूर कुणी विचारायचं नाही. अप्पांनी कागद पुढं केला की बाया पदराला हात पुसून अंगठा पुढं करायच्या, आणि अप्पांची बोटं सवयीनं तळाशी एक ठरलेलं वाक्य मारायची: 'वरील मजकूर आम्हांस वाचून दाखविला, तो आम्हांस समजला, म्हणून खाली सही/अंगठा करीत आहोत.' हे वाक्य ते झोपेतही बोटांनी उशीवर मारतात, असं त्यांच्या मंडळी शांतम्मा सांगत.

मात्र अप्पांच्या मनात एक सल होता. वीस वर्षांत त्यांचा एकही कागद औरंगाबादच्या पुढं गेला नव्हता.

त्याच आठवड्यातल्या रविवारी पेपरात एक लेख आला. कोळशाचा नि तेलाचा धूर पृथ्वीभोवती गोधडीसारखा साचत चाललाय, त्यानं जग तापायलंय, दिवाळीनंतर जिनिव्हाला सगळ्या देशांची बैठक आहे, तेव्हा नागरिकांनी गप्प न बसता आपापल्या सरकारला लिहावं, सह्या गोळा कराव्यात, लोकप्रतिनिधींना भेटावं. 'नागरिकांनी लिहावं' हे शब्द अप्पांनी तीनदा वाचले. देशात नागरिक पुष्कळ होते, पण लिहिणारा नागरिक म्हटल्यावर लेखकाच्या डोळ्यांपुढं दुसरं कोण असणार?

"उन्हावर अर्ज?" शांतम्मा म्हणाल्या. "मग पावसाला बी एक टाका. रजिस्टर पोच लावून टाका, न्हाईतर मिळालाच न्हाई म्हणंल."

अप्पांनी दुर्लक्ष केलं. मायना ठरवायलाच तीन दिवस गेले. 'महोदय' लिहावं की 'मा. महोदय' यात एक दिवस गेला. चौथ्या दिवशी मजकूर झाला: कोळशाचा धूर कमी करावा, झाडं लावावीत, सूर्याच्या चुलींना उत्तेजन द्यावं, आणि 'देशातील सर्वांचा इंधनाचा वापर कमी होईल असे सक्त धोरण केंद्र शासनाने आखावे.' ह्या शेवटच्या वाक्यावर अप्पा फार खूश होते. 'सक्त' हा शब्द त्यांनी दोनदा मारून ठळक केला.

तात्याराव शेजारीच राहायचे. निजामाच्या काळात तहसिलीत पेशकारी केलेला माणूस. त्यांनी अर्ज लांब धरून वाचला.

"अप्पासाहेब, दरखास्त दुरुस्त हाय. पर वजन न्हाई. पाचशे दस्तखत पायजेत. पाचशेच्या खाली दिल्ली लिफाफाच फोडत न्हाई."

हे त्यांना कसं माहीत, असं कुणी विचारलं नाही. तात्याराव मनमाडच्या पुढं कधी गेलेले नव्हते. पण हे संभाषण महादेवाच्या देवळाच्या पायऱ्यांवर, सोमवारी, अकरा माणसांसमोर झालं, आणि अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "धा दिवसांत पाचशे करून दावतो."

इथंच अप्पांनी माठाकडं जायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी ते कागद, पेन आणि शाईचा पॅड घेऊन निघाले. त्या वर्षांत मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावावरून रान पेटलेलं, त्यामुळं कुणी कागद घेऊन दारात आलं की उंबऱ्याच्या आतूनच प्रश्न यायचा, "नामांतराच्या बाजूचा का विरोधातला?" अप्पा म्हणायचे, "दोन्हीबी न्हाई, उन्हाचा." ते ऐकून माणूस जास्तच घाबरायचा. बाजू घेणाऱ्याची एक तऱ्हा त्याला माहीत होती. उन्हाचं राजकारण नवीन होतं. दार लागायचं.

रसवंतीवाल्या लिंबाजीनं तर गुऱ्हाळाचं चाकच थांबवलं.

"अप्पा, ऊन कमी झालं तर माझा रस कोण पिणार? चांगल्या माणसानं माझ्या पोटावर अर्ज करावा का?"

"लिंबाजी, एकदम न्हाई कमी होत. पन्नास-शंभर वर्षं लागतील."

"मग आत्ता कशाला घाई करायलाव? बसा, रस घ्या."

अप्पा लोकप्रतिनिधींच्या बंगल्यावरही गेले. साहेब मुंबईला होते. साहेबांच्या माणसानं अर्जाची एक प्रत आदरानं दोन्ही हातांनी घेतली, घडी घातली, आणि अप्पा फाटकाबाहेर पडून वळून पाहतात तो त्याच अर्जानं तो वारा घेत होता. अर्ज उन्हाविरुद्ध कामाला लागला होता, एवढंच समाधान.

आठ दिवसांत सतरा सह्या झाल्या. त्यातल्या चार घरच्या. एक तात्यारावांची, तीही उर्दूत. उरलेल्या बारांपैकी दोघांनी सहीपुढं 'फक्त अप्पांसाठी' असं लिहिलं होतं. समजावून समजावून अप्पांचा घसा बसला. गोधडी सांगितली की लोक विचारायचे, "कुणी टाकली?" धूर सांगितला की बिडी विझवायचे. आणि संध्याकाळी देवळापुढून जाताना तात्याराव पायरीवरून विचारायचे, "किती झाले?" त्या दोन शब्दांसाठी अप्पांनी घरी जायचा रस्ता बदलला. चांभारगल्लीवरून, तेल्याच्या घाण्यामागून, नाला ओलांडून. पन्नाशीतला इज्जतदार माणूस नाला ओलांडून घरी येतो म्हटल्यावर शांतम्मांनी धोतराच्या सोग्याकडं नुसतं बघितलं.

नवव्या दिवशी कंट्रोलच्या दुकानावर राकेल आलं. रांग मोंढ्यापर्यंत. डबे, कॅन, बाटल्या, आणि रांगेच्या अग्रभागी बायनाबाई. बायनाबाई कापसाच्या जिनिंगवर कामाला. आवाज असा की जिनिंगचा भोंगा बिघडला तर त्यांनाच हाक मारायला सांगावी. अप्पा दुकानापुढून निघाले होते, काखेत कागद.

"काय अप्पा, राकेलचा अर्ज का?"

अप्पा थांबले. तोंड उघडलं. गोधडी, धूर, जिनिव्हा, सगळं घशापर्यंत आलं. आठ दिवसांत ते त्यांनी शंभर वेळा सांगितलं होतं. डोक्यावर ऊन होतं, काखेत सतरा सह्या होत्या, आणि उद्याचा दिवस दहावा होता.

"अं… त्यातलंच हाय," अप्पा म्हणाले.

खोटं नव्हतं, बरं का. अर्जात इंधन हा शब्द होता. अप्पांनी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला हेच बजावलं.

"बायांनो!" बायनाबाईंनी भोंगा दिला. "अप्पा आपल्या राकेलसाठी दिल्लीला लिवायलेत! अंगठे द्या!"

पुढं काय झालं ते अप्पांच्या हातात राहिलं नाही. रांग मोडली नि अप्पांभोवती लागली. पॅड तासाभरात कोरडा पडला. मग क्लासमधून टायपिंगच्या रिबिनी आणून त्यावर अंगठे घासले. दुपारी बायनाबाईंनी कागद घेऊन दुसऱ्या दोन दुकानांवरची माणसंही गाठली. एकीनं विचारलं, "काय लिवलंय गं?" तर बायनाबाई तिच्यावरच घसरल्या, "अप्पांचा कागद हाय. इतकी वर्षं कधी विचारलंस का?"

हे वाक्य अप्पांनी ऐकलं. तेव्हाही बोलता आलं असतं. त्यांनी अंगठे मोजले.

चारशे शहाऐंशी.

घरी शांतम्मांनी आकडा ऐकला. "सतराचं एकदम पाचशे? एका दिवसात उन्हाला इतकी माणसं कटाळली?"

"जनजागृती झाली," अप्पा म्हणाले, आणि निळी बोटं मागं लपवून जेवायला बसले. हे जरा अवघड जातं.

अर्ज रजिस्टर पोच गेला. तीन आठवड्यांनी पोच परत आली. तिच्यावर दिल्लीचा गोल शिक्का! तात्यारावांनी तो डोळ्यांना लावला. अप्पांनी घरी जायचा जुना रस्ता धरला, आणि पोच काचेच्या चौकटीत घालून क्लासमध्ये टांगली. आता सगळा थाट जमला होता. फक्त दर सोमवारी बायनाबाई यायच्या. कधी आंबाडीची भाजी, कधी वाटीभर जवसाची चटणी. "घ्या अप्पा. तुमी आमच्यासाठी इतकं करायलाव." ती आंबाडी अप्पा शांतम्मांच्या ताटात सरकवायचे. आखातात लढाईची बोलणी सुरू झाली, राकेल आणखी आटलं, आणि बायनाबाई म्हणायच्या, "आपला अर्ज हाय म्हणून बरं हाय. दिल्लीला ठाव तरी हाय." अप्पा एकदम माठाकडं जायचे. माठाकडं जायची सवय तेव्हाची.

जिनिव्हाची बैठक होऊन गेली. आणि फेब्रुवारीत अर्ज परत आला.

गेला तेव्हा दोन पानांचा नि अंगठ्यांचा होता. आला तेव्हा वीतभर जाड होता. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून औरंगाबाद, तिथून परभणी, प्रत्येक टेबलानं एक कागद वर लावला होता: 'योग्य कारवाईस्तव', 'आवश्यक कारवाईस्तव', 'उचित कारवाईस्तव'. विषय मात्र प्रत्येक टेबलावर बारीक होत गेला होता. पृथ्वी मुंबईत गळली. कोळसा औरंगाबादला राहिला. शेवटी उरलं ते एवढंच: 'इंधनाचा वापर कमी करण्याबाबत मानवत येथील पाचशे तीन नागरिकांची मागणी.' आणि त्याखाली तालुक्याचा शेरा: 'सदर नागरिक कमी राकेल घेण्यास राजी आहेत किंवा कसे, याबाबत जबाब नोंदवावेत.'

जबाब नोंदवायला व्यंकटराव नावाचे पुरवठ्याचे कारकून आले. गरीब, सज्जन माणूस. देवळाच्या आवारात सतरंजी टाकली. डबे घेऊनच बाया जमल्या. राकेल वाढवून मिळतंय अशी बोलवा होती. अप्पांना मानानं पुढं बसवलं. बायनाबाईंनी हार आणला होता.

व्यंकटरावांनी विषय वाचला. एकीच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडून वाजलं.

"पुन्यांदा वाचा," बायनाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचला.

"कमी? आमी कमी मागितलं?" एकच गलका झाला. लढाईनं आधीच चूल विझायची पाळी आणली होती, आणि इथं उरलेले लिटरही कापायला सरकार दारात आलं होतं. पण बायनाबाईंनी हात वर केला.

"साहेब, तुमच्या कचेरीत घोटाळा झालाय. आमचे अप्पा असं लिवणार न्हाईत. मी शपथेवर सांगते."

तात्यारावांनी ताबडतोब री ओढली. "बराबर! वरच्या टेबलाची गफलत. आमच्या वख्तालाबी व्हायची."

व्यंकटरावही मान हलवू लागले. "होऊ शकतं. कागद फार फिरलाय. आम्ही तसा शेरा मारतो, म्हणजे अप्पांवर काही येत नाही." आणि जाता जाता, माणूस नियमाचा म्हणून, त्यांनी मूळ अर्ज काढून तळ वाचला. "खाली मात्र लिहिलंय, 'वरील मजकूर आम्हांस वाचून दाखविला, तो आम्हांस समजला.' तेवढं कुणी वाचून दाखवलं होतं, ते सांगा."

चारशे शहाऐंशी अंगठे एकमेकांकडं पाहू लागले. कुणाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मग सगळ्यांनी अप्पांकडं पाहिलं. रागानं नाही, आता अप्पा सांगतील म्हणून. तो हार अजून बायनाबाईंच्या हातात होता.

अप्पांना इतकी तहान जन्मात कधी लागली नव्हती. पण आवारातला माठ बायनाबाईंच्या पलीकडं होता.

"घोटाळा कचेरीचा न्हाई," अप्पा म्हणाले. "कागद राकेलचा नव्हताच. उन्हाचा होता. बायनाबाईंनी इचारलं तवा मी सांगितलं न्हाई. सतराच सह्या झाल्या होत्या. मला लाज वाटायली होती… म्हणून अंगठे घेतले."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाया एकेक करून डबे उचलू लागल्या. रिकाम्या डब्यांचा आवाज काय असतो ते अप्पांना त्या दिवशी कळलं. तात्याराव छत्रीकडं बघत बसले. व्यंकटरावांनी 'नागरिक राजी नाहीत' असा एकच जबाब लिहिला, आणि लिटर शाबूत राहिले. बायनाबाईंनी हार महादेवाच्या पिंडीवर घातला. आणलेला हार वाया कशाला घालवायचा. मग परत आल्या.

"वाचा," म्हणाल्या.

"काय?"

"तेच. जे वाचलं न्हाई ते."

अप्पांनी वाचलं. गोधडी, धूर, कोळसा, सगळं. बायनाबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्यात जास्त धूर कोण करायलंय?"

"मोठे देश. मोठे कारखाने. कोळशाची वीजघरं."

"आन् माझी चूल? माझी चिमणी?"

"ती… हिशेबातबी धरत न्हाईत."

"मग तुमी 'सर्वांचा' का लिवलं?"

अप्पांनी कागदावरचा तो शब्द बोटानं शोधला. तीन दिवस मायन्यावर खर्च केले होते, आणि ह्या एका शब्दावर तीन मिनिटंही नाहीत. ठळक करायला त्यांना 'सक्त' सापडला होता.

"उन्हाचं तुमी मला सांगायलाव," बायनाबाई म्हणाल्या. "जिनिंगच्या पत्र्याखाली मी उभी ऱ्हायते. मागच्या सालाला दोघी चक्कर येऊन पडल्या. तेवढं सांगितलं असतंत रांगेत, तर दिला असता की अंगठा. उन्हाचा बी दिला असता." त्या उठल्या. "आता न्हाई देणार. ह्यापुढं तुमच्या कागदावर माझा अंगठा न्हाई. मला वाचाया शिकवा. मग बघू."

दुसऱ्या दिवसापासून जिनिंगची पाळी सुटली की बायनाबाई क्लासमध्ये येऊन बसू लागल्या. बरोबर कमलबाई, दगडाबाई, आणखी पाच-सहा जणी. आंबाडी आणणं बंद झालं. अप्पांना कुणी 'अप्पा' म्हणत नसे, "हे काय अक्षर?" एवढंच. भिंतीवरची दिल्लीची पोच अप्पांनी उतरवली. काच चांगली होती, ती शांतम्मांनी देवाच्या तसबिरीला घेतली. तात्याराव एकदाच डोकावले. दगडाबाईंनी 'क' चुकीचा काढलेला बघून म्हणाले, "उर्दू सोपी पडंल." आणि दगडाबाईंची जी नजर झाली ती बघून निघून गेले.

मे महिन्यात अप्पांनी नवा अर्ज टंकला. जास्त धूर करणाऱ्याला आधी आवरा. गरिबाच्या चुलीला हात लावू नका. पत्र्याखाली काम करणाऱ्यांना दुपारची सुटी द्या. आणि जगाच्या बैठकीत आपल्या सरकारनं हे ठणकावून सांगावं. 'सक्त' हा शब्द कुठंही नव्हता.

बायनाबाई तो वाचायला बसल्या. बोट प्रत्येक अक्षराखाली. पहिल्या ओळीलाच दहा मिनिटं. अप्पा समोर उभे. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या परिच्छेदात बोट थांबलं.

"हे काय? 'गावातील एका जागरूक सद्गृहस्थाच्या… प्रेरणेने.' हा कोण?"

अप्पांनी पेन घेतलं आणि स्वतःला खोडलं.

तास-दीड तासानं बोट तळाला आलं. अप्पांच्या बोटांनी सवयीनं ते वाक्य मारलेलंच होतं. बायनाबाई सावकाश वाचू लागल्या. "वरील… मजकूर… आम्हांस… वाचून दाखविला… तो आम्हांस… समजला." मान वर करून त्यांनी अप्पांकडं बघितलं. किती तरी दिवसांनी बघितलं. मग 'आम्हांस वाचून दाखविला' हे शब्द काट मारून वर 'मी वाचला' असं लिहिलं, आणि खाली नाव काढलं. 'ई'च्या डोक्यावरचा रफार त्या मशिनीच्या वेलांटीसारखा आधी राहिला, मागून दिला.

"माझ्यापुरतं खरं हाय," कागद पुढं सरकवत त्या म्हणाल्या. "बाकीच्या चारशे पंच्याऐंशींचं त्यांच्या दारात जाऊन इचारा. वाचून दाखवा पर. सगळं."

अप्पांनी घड्याळ बघितलं. भर दुपारचे दीड वाजले होते. छत्री घेतली, कागद काखेत मारला, आणि माठाकडं न जाता ते उन्हात उतरले.